वाघाची गाय

...आणि वर मलाच म्हणतात, "भूपेंद्रभाऊ, तुम्ही फार संशयी!" अहो, बावीस वर्षं एसटीत तिकिटं तपासली मी, जळगाव ते धुळे, धुळे ते साक्री... संशयी नको होऊ तर काय कीर्तनकार होऊ? आमच्या लायनीत एकच शिकवण, तुम्हाला सांगतो, जो न मागता तिकीट पुढं करतो ना, त्याचंच आधी तपासायचं! कुठंतरी पाणी मुरतंय!

आता आमची कोकिळा, लग्न झाल्यापासून तिचं एकच मागणं, "सोनं नको, फिरायला नको, स्वतःच्या भिंतीत खिळा ठोकायचाय मला." भाड्याच्या घरात मालक खिळा ठोकू देत नाही हो! देवाचा फोटो एकवीस वर्षं पिठाच्या डब्याला टेकून उभा!

म्हणून गेलो असोदा रोडला प्लॉट बघायला. मालक नजीरभाई, सुतारकाम करतात. शेजारी फुटाला नऊशेचा भाव, हे म्हणतात सहाशे. का? तर म्हणे, "भाऊ, लपवत नाही. पुढं पंचेचाळीस फूट, मागं तीस. वाघमुखी आहे, लोक घेत नाहीत." मला सांगा, विकणारा माणूस स्वतःच्या तोंडानं खोट सांगतो का? पुढं केलं की हो त्यानं तिकीट!

पाचोऱ्याहून सासरे आणले, प्रेमराजआबा. प्लॉट बघण्यात त्यांचा हात धरणारा नाही. दोन्ही टोकं पावलांनी मोजली आणि कपाळाला हात! "जवाई, तोंड मोठं, बूड बारीक... हाई वाघ शे! बठ्ठं घर खाई टाकी!" म्हणजे अख्खं घर खाऊन टाकील! गोमुखी पाहिजे म्हणे, गायीसारखा, पुढं निमुळता, मागं भरलेला. वाघ फक्त दुकानाला चालतो.

नजीरभाई हसले. "आबा, मागूनही रस्ता आहे. फाटक तिकडून काढा. झाली वाघाची गाय!"

आबा वळसा घालून मागं गेले, तिथून बघितलं, डोळे बारीक केले... "आरे, हाई तं गाय शे!" कोकिळानं तर पदर खोचून ओटा कुठं, देव्हारा कुठं, बोटानं दाखवायला सुरुवात केली. आणि मी? मी म्हटलं, जो माणूस वाघाची गाय करतो, तो उद्या माझं काय करील? नकाशा काढला... मागचा रस्ता होता. टेप लावला... फूट बरोबर. सातबारा काढला... चकाचक! एक खोट सापडेना! बावीस वर्षांत इतका स्वच्छ माणूस मी बघितला नाही हो, घाम फुटला मला! कुठंतरी पाणी मुरतंय!

"विचार करून सांगतो," म्हटलं. त्या विचारात दोन पावसाळे गेले. नजीरभाईंनी कंटाळून स्वतःच घर बांधलं, फाटक मागून. आता तिथं बावीसशेचा भाव आहे. कोकिळा भांडली नाही... भांडली असती तर बरं झालं असतं. देवाचा फोटो पुसला आणि परत पिठाच्या डब्याला टेकवला. ते मात्र मला लागलं हो, खरंच लागलं.

मग मध्यंतरी आमच्या घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, खोल्या खाली करा म्हणाला. नवी जागा कोकिळानंच बघितली, मला विचारलंसुद्धा नाही. टेम्पोत सामान भरलं, टेम्पो वळला असोदा रोडला आणि थांबला कुठं? नजीरभाईंच्या फाटकात! वरचा मजला, भाड्यानं! त्यांच्या नूरबीभाभी चहा घेऊन उभ्या. मी खिशात हात घातला, "डिपॉझिट?" तर नजीरभाई म्हणतात, "तुमच्याकडून कसलं डिपॉझिट, भाऊ!"

झालं! डिपॉझिट नको? आजच्या काळात? मी कोकिळाच्या कानाशी लागलो, "अगं, कुठंतरी पाणी..." तिनं नुसतं वळून बघितलं. तुम्हाला सांगतो, मी गुपचूप गादी खांद्यावर घेतली आणि जिना चढलो.

घर झकास आहे. गोमुखी घर लाभतं म्हणतात, ते काही खोटं नाही... दर महिन्याच्या पाच तारखेला लाभतं. नजीरभाईंना!