पप्पांचा माईक

पप्पांना मोबाईल शिकवायचा म्हटलं की माझं डोकं फिरतं, हे तुम्हाला माहीतच आहे. मागे पारनेरहून त्यांचा फोन आला, "तू दिलेला हेडफोन बिघडला." मी सावेडीहून तणतणत गेले.

मम्मीच्या स्मरणाची प्रार्थना जवळ आली होती. तिच्या रेकॉर्ड केलेल्या गीतात पप्पांना आपला आवाज मिसळायचा होता. नुसतं ऐकताना तिचा आवाज स्वच्छ यायचा, पण पप्पा रेकॉर्डिंग सुरू करून गायला लागले की डब्यातून आल्यासारखा यायचा.

"बिघडलं काही नाही, पप्पा! ब्लूटूथची वाट अरुंद असते. माईक चालू झाला की तुमच्या आवाजालाही जागा लागते, मग तिच्या आवाजाला कमी उरते. किती वेळा सांगू?"

"म्हंजी मी तोंड उघडलं की तिचा आवाज दबतो?"

"हो! आत्ता कळलं?"

ते हेडफोनकडे बघत राहिले. "घरात बी तसंच हुतं गं. ती कदी बोलली न्हाई."

मी माईक बंद केला आणि मम्मीचं गीत पुन्हा पहिल्यापासून लावलं.

प्रार्थनेला त्यांनी मम्मीचं गीत तसंच लावलं. सगळे म्हणाले, "तुम्हीपण म्हणा की सोबत."

पप्पांनी मान हलवली. "आज तिलाच गाऊ द्या."