द्या इकडे, मी करून देतो

मेक्सिको सिटीच्या मिनीबसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक मावशी बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी टाय घातलेला एक अनोळखी माणूस.

“मावशी, स्क्रीनचा उजेड कमी करा. चार्जिंग दुप्पट टिकेल.”

“तुम्ही फोन विकता?”

“नाही हो.”

“मग एवढा कळवळा कशाला?”

“द्या इकडे, मी करून देतो.”

“घ्या. पण दाराकडे सरकू नका.”

“अहो, यात सिमच नाही!”

“नसणारच. हा लुटारूंना द्यायचा फोन. खऱ्यात नातीचे फोटो आहेत.”

“मग मला हा का दिलात?”

“मागितलात म्हणून.”

“मावशी, ऐका माझं, यात सिम घाला. नसलं की ते चिडतात.”

“तुम्हाला बरं माहीत!”

“म्हणजे... लोक सांगतात.”

“तुमचा स्टॉप आला.”

“माझा अजून लांब आहे.”

“नाही, हाच आहे.”