वीसपैकी तेरा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले प्रमुख पाहुणे, आपल्या कारखान्याचे उत्पादन व्यवस्थापक, आजच्या सत्कारमूर्ती मावशी, पहिल्या रांगेत बसलेली त्यांची लेक आणि जावई, चाळणीपासून भट्टीपर्यंतचे माझे सगळे सहकारी, आणि खुर्ची न मिळाल्यामुळे भिंतीला टेकून उभी असलेली मंडळी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

चाचणी खोलीचा प्रमुख या नात्याने मला पाच मिनिटं दिली आहेत आणि ‘गोड बोला’ अशी सूचनाही दिली आहे. प्रयत्न करतो.

आज इथे बऱ्याच घरची माणसं आली आहेत, म्हणून आधी मावशींचं काम सांगतो. आपण पाणी गाळायच्या चकत्या बनवतो. भाजलेल्या मातीचे बारीक दाणे साच्यात दाबायचे आणि भट्टीत ठेवायचे. भट्टीत ते वितळू द्यायचे नाहीत. एक दाणा दुसऱ्याला जिथे टेकतो तेवढ्याच जागी चिकटला पाहिजे. मधल्या फटी तशाच राहतात, त्यातून पाणी जातं आणि घाण अडते. पण त्या फटी सारख्या कधी होणार? दाणे एका मापाचे असतील तेव्हाच. भुकटी मिसळली की फटी बुजतात. मोठे दाणे घुसले की त्यांच्याभोवती भगदाड पडतं. भट्टीवाल्याने मग कितीही जीव ओतला तरी उपयोग नाही. म्हणजे चकतीचं नशीब भट्टीच्या आधी, चाळणीवरच ठरतं, आणि त्या चाळणीवर एकतीस वर्षं या बाई उभ्या होत्या.

चिमूटभर दाणे दोन बोटांत चोळून त्या सांगायच्या, ‘यात खडा आहे.’ मी नवा होतो तेव्हा हसलो होतो. भिंगाखाली बघितलं तर खडा होता! त्यानंतर कधी हसलो नाही.

आता मानपत्राकडे येतो. आत्ताच ते वाचून झालं आणि आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यात एक वाक्य आहे: ‘अनवधानाने घडलेल्या एका चुकीकडे संस्थेने उदार मनाने दुर्लक्ष केले.’ परवा हे मानपत्र शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आलं होतं. मी व्यवस्थापक साहेबांना म्हणालो, ‘हे वाक्य काढा.’ ते म्हणाले, ‘अरे, राहू दे. संस्थेचा मोठेपणाही दिसायला हवा ना.’

मंडळी, मला शिसारी आली. दुसरा सभ्य शब्द मला सापडत नाही.

काय घडलं होतं? दोन वर्षांपूर्वी एका रुग्णालयाची मोठी मागणी आली. त्याच आठवड्यात वरची चाळणी, म्हणजे मोठे दाणे अडवणारी, कडेला फाटली. नवी जाळी यायला तीन आठवडे लागणार होते. मावशींनी यंत्र बंद केलं. साहेब खाली आले. मी तिथेच होतो.

‘सुरू करा,’ साहेब म्हणाले.

‘जाळी फाटलीय.’

‘बोटभर फाटलीय. चार दाणे गेले तर काय आकाश कोसळतं? शेवटी सगळं भट्टीतच जायचंय.’

‘भट्टी दाणे चिकटवते साहेब, निवडत नाही. या मालावर मी सही करणार नाही.’

दुसऱ्या दिवशी मावशी वेष्टन विभागात होत्या, खोक्यांना चिकटपट्टी लावत. चाळणी फाटकीच चालली.

चकत्या भाजून माझ्याकडे आल्या. आमची चाचणी साधी असते. ओली चकती पाण्याखाली धरायची आणि खालून हळूहळू हवा सोडायची. चकती चांगली असेल तर ठरलेल्या दाबापर्यंत एकही बुडबुडा येत नाही, आणि मग सगळ्या अंगावर एकदम बारीक बुडबुडे फुटतात. मी वीस चकत्या घेतल्या. सात चकत्यांत दाब वाढायच्या आधीच एका जागेतून भसाभस हवा यायला लागली. मी कच्च्या वहीत लिहिलं, वीसपैकी तेरा.

साहेबांनी वही बघितली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘पक्क्या नोंदवहीत नीट लिही. तुझ्या बढतीचा कागद माझ्या टेबलावर आहे.’

मी वीसपैकी वीस लिहिलं. हो, मीच. याच हाताने.

हो साहेब, वेळेचं भान आहे. दोन मिनिटं. काय म्हणालात? ही जागा नव्हे? मग कुठली? दोन वर्षं मी ती जागाच शोधत होतो.

दीड महिन्याने रुग्णालयाचं पत्र आलं. एकाच कक्षातल्या अकरा जणांना ताप भरला होता. पाहणीला मला पाठवलं. तिथल्या परिचारिकेने नळावरचं भांडं उघडून आपली चकती माझ्या हातात दिली. घाण बाजू घाण असणारच. मी ती उलटी केली. जिथून माणसं पाणी पितात त्या बाजूवर बुळबुळीत, पिवळट थर होता. बोट लावलं तर तार सुटली. वास असा, की मी तोंड फिरवलं. ती बाई शांतपणे म्हणाली, ‘ही बाजू स्वच्छ असायला हवी ना?’ शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते. तीन आठवडे त्यांना उठता आलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, ‘साहेब, आता पाणी प्यायला हरकत नाही ना?’

मी बाहेर येऊन ओकलो. मला वाटलं, वासामुळे.

परत आलो तर चौकशी पूर्ण झालेली! निष्कर्ष काय, तर चाळण विभागाचा निष्काळजीपणा. ज्या बाईने सही करायला नकार दिला, तिलाच ताकीदपत्र. आणि मी? मी चाचणी खोलीचा प्रमुख झालो होतो. अभिनंदनाला साहेबांनी पुष्पगुच्छ दिला. मी तो घरी नेला, फुलदाणीत ठेवला, पाणीसुद्धा बदलत होतो. किळस कुणाची यावी, सांगा.

म्हणून काल मी कच्च्या वहीतल्या त्या पानाची प्रत, माझ्या सहीच्या निवेदनासह, रुग्णालयाला टपालाने पाठवली आहे. दुसरी प्रत अध्यक्ष महोदय, आपल्यासाठी आहे. ही घ्या. माझ्यावर जी कारवाई करायची ती करा. मी नाही म्हणणार नाही.

मावशी, तुम्ही काहीतरी म्हणालात? ध्वनिक्षेपक जरा तिकडे द्या... मावशी म्हणतायत, ‘मला तेव्हाच माहीत होतं. तुझी नजर सांगत होती. मी वाट बघत होते, आणि तू फार वाट बघायला लावलीस.’

हो मावशी, लावली.

एकच राहिलं. ताकीदपत्र आलं त्या संध्याकाळी मावशींची लेक मला फाटकाशी भेटली होती. तिने विचारलं, ‘काका, आईची खरंच चूक झाली का हो?’ मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, ‘मला नक्की माहीत नाही गं.’ बाळ, मला नक्की माहीत होतं. तुझ्या आईची चूक नव्हती. माझी होती, आणि या व्यासपीठावरच्या आणखी एका गृहस्थांची.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, ध्वनिक्षेपक बंद करायला सांगितल्यावरही तो चालू ठेवणाऱ्या विद्युत विभागाच्या मित्राने धीर दाखवला, त्याबद्दल सर्वांचे आभार. माझ्या बोलण्यात काही कमी राहिलं असेल तर पदरात घ्या. जास्त झालं असं ज्यांना वाटतं, त्यांची मात्र क्षमा मी मागत नाही. नमस्कार.