दिल्लीच्या वकिलाला पत्र

नाही भिकादादा, दिल्लीला पत्र मी लिहिणार नाही. टाइपरायटर ठीक आहे, कागदही आहे — तरी नाही. कोणी पाठवलं तुम्हाला? साखरबाईनं? म्हणजे चिंचणीहून एस.टी.नं पालघरपर्यंत आलात ते माझ्या बहिणीच्या शब्दावर! ‘आमचा कमलाकांत कचेरीभायेर अर्ज लिवतो, पन दिल्लीच्या सगल्यात मोट्या वकिलाला लिवलेलं हाय त्यानं’ — असंच म्हणाली ना? म्हणणारच. बसा. नोटीस दाखवा आधी.

मोठा आहे, खोटं नाही. अॅटर्नी जनरल — महान्यायवादी म्हणतात आपल्यात. राष्ट्रपती नेमतात त्याला. देशातल्या कुठल्याही कोर्टात उभा राहू शकतो, लोकसभेत बोलूही शकतो, फक्त मत देता येत नाही. पण कोणाचा वकील तो? तुमचा? माझा? अहो, सरकारचा! हे पद मूळ विलायतेतलं. राजाला स्वतःच्याच कोर्टात उभं राहता येईना, म्हणून त्यानं आपल्या जागी वकील ठेवला. ईस्ट इंडिया कंपनीनं तसाच कलकत्त्यात बसवला, आणि घटना झाली तेव्हा दिल्लीत हे पद आलं. राजा गेला, वकील राहिला. आता हे मी घडाघडा सांगतो — तेव्हा कुठं माहीत होतं? तेव्हा वर्तमानपत्रातली एक ओळ वाचली होती, ‘कोणत्याही न्यायालयात बोलण्याचा अधिकार’. म्हटलं, कुठंही बोलू शकतो तर आपल्यासाठीही बोलेल.

बासष्ट साल. बहिणीच्या वाडीवर नोटीस लागली, सरकारला जागा हवी होती. नारळ, केळी, मोगऱ्याचे चार वाफे, गोड्या पाण्याची विहीर — समुद्राच्या इतक्या जवळ गोडं पाणी! हरकतीला तीस दिवस. शेजारचा रामा म्हणाला, चला, प्रांताच्या कचेरीत साधा अर्ज देऊ. मेव्हणा, महादू, निघालाही होता टोपी घालून. मी अडवलं त्याला. ‘प्रांत काय करणार? मी थेट वर लिहितो.’ इंग्रजीत लिहिलं, तीन पानं. वाचून दाखवलं तर बहीण रडली — एक शब्द कळला नव्हता तिला. गावभर सांगत सुटली. मला... बरं वाटलं हो. बाहेर झाडाखाली बसणारा माणूस मी, आतला शिपाईसुद्धा मला अरेतुरे करतो. बरं वाटलं.

तीस दिवस गेले. रामाची हरकत ऐकली साहेबानं — त्याचं घर आणि विहीर वगळली. महादूची वाडी पूर्ण गेली. एक्केचाळिसाव्या दिवशी उत्तर आलं. हो, आलं ना! चार ओळी. महान्यायवादी भारत सरकारला सल्ला देतात, खाजगी इसमांची कामं घेत नाहीत, आपण आपला वकील पाहावा. सभ्य भाषा होती, एक चूक नाही टायपिंगची.

दाखवलं का म्हणता? नाही दाखवलं. महादू गेला, तोवरही नाही. मरायच्या आदल्या आठवड्यात मला म्हणाला, ‘मोटं मानूस हाय, येल लागनारच.’ साखरबाई आता दुसऱ्याच्या वाडीत मोगरा खुडते, आणि भेटली की पहिला प्रश्न — ‘उत्तर आलं काय रे?’ चार वर्षं मी म्हणतोय, नाही आलं. तिला वाटतं तो दिल्लीवाला माजलेला. वाटू दे. भाऊ मूर्ख निघाला, हे कळण्यापेक्षा—

असं बघू नका माझ्याकडे. तुमची नोटीस सव्वीस दिवसांची झालीय, चार उरलेत. हे घ्या, बोलता बोलता हरकत लिहून काढली — मराठीत, एकच पान. अंगठा करा इथं. पैसे ठेवा खिशात. आजच्या आज प्रांताच्या कचेरीत द्या, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हलू नका. उठा.

आणि दादा — तिनं विचारलं तर सांगा, कमलाकांत जागेवर नव्हता.