चांदाचं पाकीट

आजच्या सभेच्या अध्यक्ष आणि आपल्या दवाखान्याच्या डॉक्टर आदरणीय नीलिमाताई, मंचावर बसलेले सत्कारमूर्ती श्यामरावजी, विहार समितीचे पदाधिकारी, उरल्याच्या कारखान्यांतली पाळी संपवून थेट इथं आलेले कामगार बंधू, आणि समोर बसलेल्या माझ्या उपासक-उपासिकांनो, सर्वांना जय भीम.

आत्ता सांगण्यात आलं की मारोतीभाऊ बोलायला उभे राहिले की सभागृह हलतं. आज मी कोणाला हलवायला उभा नाही. अकरा महिने मी कुठल्याच सभेत बोललो नाही. आज बोलतो आहे, कारण श्यामराव परवा भंडाऱ्याला मुलीकडे कायमचे चालले आहेत. तुमच्यासमोर एक गोष्ट कबूल केल्याशिवाय त्यांना निरोप देणं मला जमणार नाही.

श्यामराव कोण, हे तुम्हाला मी काय सांगू? तेवीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीत बसून त्यांनी आपल्याला औषधं दिली. आपल्या म्हाताऱ्यांना बारीक अक्षर लागत नाही, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. मग पाकिटावर पेनानं सकाळच्या गोळीला सूर्य काढायचे, रात्रीच्या गोळीला चांद. कोलेस्टेरॉलची गोळी रात्रीची, म्हणून आपल्या पाऱ्यात, अख्ख्या वस्तीत, तिचं नावच पडलं, चांदवाली गोळी. लहानूदादा, हसताय ना? तुम्हीच एकदा भांडला होता, "श्यामराव, माहा चांद अर्धाच काहून काढला?" ते म्हणाले होते, "अर्धीच गोळी हाये तुमाले, दादा."

आता माझी गोष्ट. माझी पत्नी सत्यभामा. तिच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला, तेव्हापासून तिला ही चांदवाली गोळी सुरू होती. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती अंगणात पाय घसरून पडली आणि मनगट मोडलं. नीलिमाताईंनी तपासणी करून सांगितलं, हाडं ठिसूळ झाली आहेत, या वयात बायकांची होतात. मला हे उत्तर पुरलं नाही. मला आरोपी हवा होता. जन्मभर आरोपी शोधत आलेला माणूस मी. वय हा काय आरोपी झाला?

मग एका मासिकात लेख सापडला. पहिल्या पानावर लिहिलं होतं की कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्या काहींचे स्नायू दुखतात, आणि हाडंही कमजोर होतात की काय, अशी शंका घेतली जाते. मला एवढं बस झालं! पुढच्या रविवारी वंदना आटोपल्यावर, याच जागेवरून मी पाऊण तास बोललो. औषधांच्या व्यापारावर बोललो, गरिबाच्या देहावर कोण कोण जगतं यावर बोललो. ही गोळी आपली हाडं खाते, असं ओरडून सांगितलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या. आणि आपल्या रीतीप्रमाणे तीनदा म्हणालात, साधु, साधु, साधु.

धम्माच्या वचनाला द्यायची ती संमती तुम्ही एका गोळीवरच्या भाषणाला दिली. चूक तुमची नव्हती. इथून बोलणारा माणूस तपासून बोलला असेल, असं तुम्ही धरलंत. तपासून पाहा म्हणून सांगणाऱ्याच्या मूर्तीपुढेच आपण सगळे बसलो होतो. तपासलं कोणी? एकट्या माणसानं.

श्यामराव दारात उभे होते. म्हणाले, "मारोतीभाऊ, मांगचं पान वाचलं काय?"

मी म्हणालो, "काहून? कंपनीनं पाठवलं काय तुले?" तुम्ही हसलात.

"मले कोणी नाही पाठवलं, भाऊ. पान उलटून पाहा, बस."

"तू चांद-सूर्य काढत जा बापा, वाचायचं आमच्यावर सोड."

पुन्हा हशा. इतका मोठा हशा मला आयुष्यात मिळाला नव्हता. श्यामरावांनी चपला घातल्या आणि ते निघून गेले.

पुढच्या महिन्यात खिडकीत चांदाची नऊ पाकिटं तशीच पडून राहिली. श्यामराव ती घेऊन घरोघर फिरले. काहींनी घेतली, काहींनी दार लावलं. आमच्या घरी आले तेव्हा मी नव्या रायपुरात मंत्रालयात निवेदन द्यायला गेलो होतो. पुढचं सगळं मला फार नंतर कळलं, श्यामरावांच्याच तोंडून. ते तिला म्हणाले, "वहिनी, हाडाची दवाई वेगळी हाये. ते बी घ्या, उन्हात बसा, चालत जा. पण हे सोडू नका. निदान डॉक्टरीणबाईले तरी विचारा."

ती काय म्हणाली ठाऊक आहे? "सभेत माहा माणूस बोलला. मी साऱ्याइच्या समोर साधु म्हटलं. आता घरात चोरून गोळी खाऊ काय, भाऊ? मंग माहा साधु खोटा झाला ना."

पाकीट मात्र तिनं ठेवून घेतलं, दारी आलेल्या माणसाचा मान म्हणून. ते दर महिन्याला आणत राहिले, ती ठेवत राहिली.

जानेवारीत एका सकाळी ती हाडांना ऊन मिळावं म्हणून गच्चीवर जाऊन बसली, आणि बसल्या जागीच गेली. हृदयाचा झटका. मनगट पक्कं जुळलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी आणि मुलगा यशदीप अस्थी वेचायला गेलो. ज्या हाडांसाठी मी पाऊण तास गरजलो होतो, ती हाडं राखेतून एकेक करून उचलली. फार हलकी होती हो. यशदीप म्हणाला, "पापा, आप बैठ जाओ, मैं करता हूँ." मी बसलो नाही.

नीलिमाताईंना मी विचारलं, गोळी चालू असती तर ती वाचली असती का? त्या म्हणाल्या, "काका, नक्की नाही सांगता येत. गोळी घेणाऱ्यालाही झटका येतो. धोका कमी होतो, एवढंच." एखादा याला सुटका म्हणेल. पण आयुष्यभर सगळं नक्की माहीत असल्यासारखा बोललेला मी, उरलेलं आयुष्य 'नक्की नाही' या दोन शब्दांबरोबर काढणार आहे.

तिच्या लुगड्यांखाली सात पाकिटं सापडली. सातही बंद. सातांवर चांद.

त्या दिवशी मी ते मासिक काढलं आणि पान उलटलं. तिथं काय होतं? ही गोळी वयस्कांची हाडं ठिसूळ करते, असं सिद्ध झालेलं नाही. काही अभ्यासांत तर गोळी घेणाऱ्यांची हाडं जराशी बरी दिसली, पण तेही पक्कं नाही, म्हणून हाडांसाठी ही गोळी देत नाहीत. अंग दुखलं तर डॉक्टरांना सांगा, मात्रा बदलता येते, गोळी बदलता येते. आपल्या मनानं बंद करू नका. बस, एवढंच. पहिलं पान मला पटलं होतं, म्हणून दुसरं मी पाहिलं नाही. भिंतभर पुस्तकं वाचलेला माणूस मी!

औषधं बनवणाऱ्यांना प्रश्न विचारू नका, असं मी आजही म्हणणार नाही. विचारा, ठणकावून विचारा. पण उत्तर ऐकायला थांबा. मी थांबलो नाही.

श्यामरावजी, भर सभेत मी तुम्हाला अरे-तुरे केलं, तुमच्या चांद-सूर्याची थट्टा केली. त्याच सभेत आज हात जोडतो. मान हलवू नका, मला बोलू द्या. जो साधु तिच्याकडून मी परत मागायला हवा होता, तो सात महिने तुम्ही मागत राहिलात.

आता मी मागतो. त्या रविवारी तुम्ही म्हटलेला साधु मला परत द्या. नऊपैकी तिघं अजूनही गोळी घेत नाहीत, मला माहीत आहे. मी नावं घेणार नाही... काय म्हणता लहानूदादा? मोठ्यानं बोला. "मी बी त्याच्यातलाच हावो"? हव, दादा. "पण मी तं साधु म्हटलं होतं बापा"? म्हणूनच तर मी उभा आहे! त्या शब्दातून तुम्हाला मोकळं करतो. उद्या सकाळी दहाला मी तुमच्या दारी येतो, दोघं नीलिमाताईंकडे जाऊ. त्या तपासतील, त्या ठरवतील. मी तिथं तोंड उघडणार नाही. तुमचा अर्धा चांद अजून खिडकीत आहे.

समितीनं मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. श्यामरावांना भंडाऱ्यात नातवंडांचं सुख लाभो. आजच्या बोलण्यात काही उणं-अधिक गेलं असेल तर पदरात घ्या. त्या रविवारच्या बोलण्याला मात्र माफ करू नका, ते लक्षात ठेवा. मी खाली बसलो की तीनदा साधु म्हणायची आपली रीत आहे. आज म्हणू नका. आधी घरी जाऊन पान उलटा, विचारा, मग म्हणा.

जय भीम.