व्याह्यांची गाडी

(दोन नगरपालिकांच्या सामाईक खत प्रकल्पाचं फाटक. बाहेर कचऱ्याच्या दोन गाड्या, एकामागे एक. समोरासमोर दोन्ही गावांचे स्वच्छता निरीक्षक, आता व्याही.)

मुलीचे वडील : नाही व्याही, आज वरवर बघून भागायचं नाही. झाकण उघडायला सांगा.

मुलाचे वडील : आज एकदम झाकण? वर्षभर लांबूनच शिक्का मारलात की.

मुलीचे वडील : मारला. आणि माझ्या गावची गाडी तुम्हीही तशीच सोडलीत.

मुलाचे वडील : मग काय करू? व्याह्याची गाडी फाटकातून हाकलू? लोक तोंडात शेण घालतील.

मुलीचे वडील : आपला कचरा आपणच तपासला तर झाकपाक होणार, म्हणून तर तुमचा आम्ही अन् आमचा तुम्ही, असं दोन्ही गावांनी ठरवलं होतं. लग्न जमायच्या आधी मी तुमच्या गाड्या परत पाठवत नव्हतो?

मुलाचे वडील : पाठवत होतात. कचकचून भांडायचो आपण.

मुलीचे वडील : तेव्हा खत चांगलं यायचं. पोरीच्या हाताचं डॉक्टर काय म्हणाले?

मुलाचे वडील : जखम भरेल. बोट मात्र पुरतं वाकणार नाही. सकाळी वेणी घालायला सासूला हाक मारली तिने.

मुलीचे वडील : इथल्या रोपवाटिकेत रोपांसाठी खत कालवताना काच घुसली. आपण पास केलेल्या कचऱ्याचं खत. माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही हो.

मुलाचे वडील : मला काय आनंद झालाय? पण गाडी परत गेली तर करार ठाऊक आहे ना? आमच्या कार्यालयासमोर ओतायची आणि मी चारचौघांदेखत निवडायची. आता निवृत्तीला टेकलो मी. जाता जाता शोभा नका करू.

मुलीचे वडील : मुलीचा बाप आहे. लग्न जमल्यापासून तुमच्यापुढे नाही म्हटलेलं नाही.

मुलाचे वडील : मग आजही म्हणू नका.

ड्रायव्हर : साहेब, उघडलं झाकण. वर भाजीपाला आहे. खाली ट्यूबलाइटी, फुटलेल्या.

मुलीचे वडील : गाडी माघारी न्या, व्याही.

मुलाचे वडील : पोर आमच्या घरात नांदतेय, हे ध्यानात असू द्या.

मुलीचे वडील : ते ध्यानात ठेवूनच वर्षभर शिक्के मारले. त्यात तिचं बोट गेलं.

मुलाचे वडील : आणि मागे उभी आहे ती तुमची गाडी? तिच्यात हात घालू मी?

मुलीचे वडील : घाला. कोपरापर्यंत घाला.

मुलगी : अप्पा, बाबा, आवाज पार रोपवाटिकेपर्यंत येतोय तुमचा.

मुलाचे वडील : तू कशाला आलीस हात गळ्यात बांधून? बरं, आलीसच तर सांग तुझ्या बापाला. ती काच आमच्याच गावची होती कशावरून?

मुलगी : खतात कुठे कळतं, अप्पा? तुमचीही असेल, बाबांचीही असेल. मी कोणाला बोलले का?

मुलाचे वडील : नाही बोललीस. तेच तर खातंय मला.

मुलीचे वडील : मलाही.

मुलाचे वडील : ड्रायव्हर, वळव गाडी. आणि व्याही, तुमचीही सोडणार नाही, आधीच सांगतो.

मुलीचे वडील : सोडूच नका. आधी तुमच्या दारात निवडू, मग आमच्या. मी येतो हाताशी.

मुलगी : मग हातमोजे घालून बसा. दोघंही.