खंडेनवमीचे ठोकळे

(खंडेनवमीची दुपार, साडेतीन. अंधेरीच्या बाजूला छोटं विमानतळ, तिथल्या फ्लाइंग क्लबचं हँगर. भिकाजी हा क्लबचा जुना खलाशी, म्हणजे विमान ढकलणारा, धरणारा कामगार. विद्याधर आणि अनुपमा विमान चालवायला शिकणारे दोन मेंबर.)

विद्याधर : ...‘चाकाचे ठोकळे मी पूजेत ठेवले होते’, इथपर्यंत झालं, काका. पुढे?

भिकाजी : मगे लिही, विमान सुटला तेव्हा शेपूट माझ्या हातात होता. आणि मी सोडलंय.

विद्याधर : ‘सोडलं’ नको. ‘निसटलं’ लिहितो.

भिकाजी : निसटला काय नि सोडला काय! जाऊन आदळला ना पाण्याच्या टाकीवर? सोडलंय असाच लिही. चार वाजता भाऊरावसाहेब येतले. सेक्रेटरी माणूस, तेंच्यासमोर माझी जीभ वळाची नाय. कागद पुढे केलो की झाला.

विद्याधर : काका, जरा थांबू या का? मला नीट सुचत नाहीये.

भिकाजी : थांबान काय होतला? घड्याळ थांबता काय? लिही.

अनुपमा : काय लिहिताय? आणि बाहेर काय आहे ते? विद्या, गेटवरून मला वाटलं कुणी ट्रक घातला टाकीवर. आपलं विमान आहे ते!

विद्याधर : अनु, तू आज कशी?

अनुपमा : कशी म्हणजे? चारचा नंबर माझा आहे! मुलुंडहून दोन बस बदलून आलेय. कोण होतं आत? लागलं का कुणाला?

विद्याधर : आत कुणी नव्हतं.

अनुपमा : कुणी नव्हतं मग काय भुताने चालवलं?

विद्याधर : बॅटरी उतरली होती. म्हणून बाहेर उभं राहून पुढचा पंखा हाताने फिरवून मारला. इंजिन लागलं आणि सुटलंच एकदम. शंभर पावलं गेलं असेल. सरळ टाकीवर.

अनुपमा : पंखा वाकलाय, इंजिन पुढे लोंबतंय, डाव्या पंखाचा दांडा आतून मोडलाय. मी आत्ता हात लावून बघितलं. हे दुरुस्त होणारं नाही, विद्या. बारा जणांत एक विमान होतं आपलं. संपलं ते. वाट लागली सगळ्यांची.

विद्याधर : मला माहितीये गं.

अनुपमा : पण सुटलंच कसं? ह्याचे ब्रेक ढिले आहेत हे क्लबच्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक आहे. ठोकळे लावल्याशिवाय पंख्याला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी काकांनी शिकवलंय. ठोकळे कुठे होते?

भिकाजी : ते बघ थयसर, पाटावर. पान्यांच्या बाजूक. आज खंडेनवमी, गो बाय. पूजेक लावलेली हत्यारा उद्या दसऱ्याक उचलूची. तवसर कोणी हात लावूचो नाय.

अनुपमा : ठोकळे म्हणजे काय हत्यार आहे का, काका?

भिकाजी : माझा तर ताच हत्यार. इंजिनेराचे पाने, तसे माझे ठोकळे. बावीस वर्सा मी तेंका धुतंय, पुसतंय, हळदकुंकू लावतंय. खंडेनवमीक आजपर्यंत कोण उडूक इलोच नाय. म्हणान काय झाला नाय.

अनुपमा : मला हे कुणी सांगितलंच नाही. आणि हा ठोकळ्यांशिवाय कसा निघाला?

विद्याधर : माझा अर्धा तास राहिला होता. लायसनला चाळीस तास लागतात, माझे साडेएकोणचाळीस झालेत. सोमवारी फॉर्म द्यायचा होता. आज चुकलं असतं तर पुढचा नंबर थेट दिवाळीनंतर. विक्रोळीला कंपनीत रजा मागताना काय काय ऐकून घेतो ते माझं मला माहीत. शिकवणाऱ्या सरांनी एकट्याने उडायच्या परवानगीवर कालच सही करून ठेवली होती.

भिकाजी : मी ‘नको’ म्हटलंय. दोनदा म्हटलंय. मगे ह्याचा तोंड असा झाला की माझ्याच्यान बघवला नाय. म्हटलंय, ठोकळे देवचंय नाय, पंख्याक हात लावचंय नाय. पंख्याक सकाळीच हार घातलेलो. शेपूट तेवढा धरतंय.

अनुपमा : थांबा, थांबा. रोज पंखा तुम्ही मारता आणि आत सीटवर मेंबर असतो. आज पंखा ह्याने मारला?

विद्याधर : हार काढून बाजूला ठेवला. चाकापुढे वीट लावली.

अनुपमा : वीट! ग्रेट.

विद्याधर : यार अनु, तू ओरडू नको ना.

अनुपमा : मी ओरडू नको तर काय आरती करू? दे इकडे तो कागद. ‘मी, भिकाजी लाड, खलाशी...’ हे तू लिहितोयस?

भिकाजी : माका असा लिहूक खय येता?

अनुपमा : ‘...ठोकळे दिले नाहीत. शेपूट सोडले. नुकसानीस मी जबाबदार आहे.’ काका, खाली सही केलीत की उद्यापासून तुम्ही घरी. तुमच्या जोडीचा दशरथ आठवतो ना? दाराला पंख घासला मेंबराने आणि काढलं दशरथला.

भिकाजी : आठवता. रिटायर होवक माका दीड वर्स रवला. पण जा झाला ता झाला. मेंबराक कोण काढता? तेंका नुसते बोलतले नि सोडतले. हेचा लायसन मात्र कायमचा जायत. पोराचा कित्याक नुकसान करू?

अनुपमा : विद्या, तू काही बोलणार आहेस की नाही?

विद्याधर : काका स्वतःच म्हणाले, लिही म्हणून.

अनुपमा : आणि तू लिहायला बसलास. झकास.

भिकाजी : तेका बोलू नको गो. शेपूट माझ्या हातात होता. धरान ठेवलंय असतंय, तर एवढा सगळा झालाच नसता. पूर्वी मी एकट्यान धरलेला आसा. मिलमधी असताना पाठीवर कापडाचे तागे वाहिलंय. आज काय झाला ह्या हातांका, कोण जाणा. दोन झटके बसले, नि सुटला.

अनुपमा : बघू हात. अरे देवा! कोपरापर्यंत सोलवटलंय. किती ओढत नेलं तुम्हाला?

भिकाजी : त्या गवतापर्यंत.

अनुपमा : गवतापर्यंत? एवढं लांब? विद्या, ह्याला काही अर्थ आहे का? नुकतं लागलेलं इंजिन असं ओढत नाही. ते खुडखुड करत उभं राहतं. वीट ओलांडायलाही त्याला जोर लागला असता.

विद्याधर : कधी कधी ओढतं.

अनुपमा : कधी?

विद्याधर : वारा असेल तर...

अनुपमा : वारा? तो बघ, वारा दाखवणारा कापडी मोजा काठीला चिकटून लोंबतोय. माझ्याकडे बघून बोल ना.

विद्याधर : मला नको विचारू, अनु.

अनुपमा : का नको विचारू?

भिकाजी : गाडीचो आवाज इलो. साहेबच असतले. दे तो कागद, सही करतंय. पेन खय आसा?

विद्याधर : काका, थांबा. नका करू सही.

भिकाजी : आता काय? एवढा लिहून झाला.

विद्याधर : थ्रॉटल उघडा राहिला होता, इंजिनाच्या जोराचा दांडा पूर्ण पुढे.

अनुपमा : काय?

विद्याधर : इंजिनात पेट्रोल चढावं म्हणून चालू करायच्या आधी तो दोन-तीनदा पुढेमागे करतो ना, तसा केला. शेवटचा पुढे केला आणि तसाच उतरलो. रोज मी आत असतो, हात त्याच्यावरच असतो. आज उतरून पंख्याशी आलो, डोक्यात फक्त तो अर्धा तास. पहिल्याच फटक्याला इंजिन पूर्ण जोरात लागलं. मी बाजूला उडी मारली म्हणून वाचलो.

अनुपमा : आणि हे तुला कधी कळलं?

विद्याधर : टाकीवर आदळल्यावर. धावत जाऊन स्विच बंद केला तेव्हा दिसलं. मी तो मागे ओढून ठेवला. कुणी बघायच्या आत.

अनुपमा : म्हणजे तेव्हापासून तू...

विद्याधर : हो. भीती वाटली. लायसन जाणार, क्लब जाणार, घरी काय सांगू, आणि काका आपणहून म्हणत होते की त्यांच्या हातून सुटलं. मी गप्प बसलो. मला माझीच लाज वाटतेय, काका. तुम्ही काहीतरी बोला ना. शिव्या द्या.

भिकाजी : पूर्ण जोरात होता?

विद्याधर : पूर्ण.

भिकाजी : म्हणजे मी आणखी जोर लावलंय असतंय तर...

विद्याधर : चार माणसं लावली असती तरी थांबलं नसतं, काका.

भिकाजी : दोन तास झाले रे. दोन तास मी ह्या हातांका शिव्या घालतंय. म्हातारो झालंय, कामाचो रवलंय नाय. घाटकोपराक जाऊन बायलेक काय सांगू, ताच मनात जुळवीत होतंय. आणि तू थयसर बसान लिहीत होतंस.

विद्याधर : माफ करा मला.

भिकाजी : त्येचा मागसून बघू. आधी साहेब.

अनुपमा : हॉर्न वाजला. गेट उघडतायत. विद्या, तू जाणार की मी जाऊ?

विद्याधर : मीच जातो. हा कागद आधी फाडतो.

भिकाजी : फाडू नको.

विद्याधर : काका, ह्यात सगळं खोटं आहे.

भिकाजी : सगळा नाय. शेपटाचा खोडून टाक. जबाबदारीचा खोडून टाक. ठोकळ्यांची ओळ तशीच रवांदे. ती माझी आसा.